घराखालची ओल: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला जवळजवळ रोज कुणाच्या ना कुणाच्या भिंतीचा फोटो येतो. खालचा दोन-अडीच फूट भाग पोपडे सुटलेला, त्याच्या वर एक वाकडीतिकडी पिवळट रेघ, आणि खाली लिहिलेलं, "ताई, याला काय लावू?" सोलापुरात जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझं पहिलं सांगणं नेहमी हेच असतं, की काही लावण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत, शक्यतो पाठवणाऱ्यांच्याच शब्दांत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सोलापूर तर कोरडं. उन्हाळ्यात ४३-४४ अंश तापतं. मग आमच्या घरात ओल येतेच कशी?

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला, हे खरं. पण वर्षभरात किती पाऊस पडतो याला ओलीच्या हिशेबात फारसं महत्त्व नाही. जोत्याशी किती पाणी किती दिवस थांबतं, याला आहे. आपल्याकडचा मोठा पाऊस बहुतेक सप्टेंबरात येतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरातही झोडपतो. ऑक्टोबर २०२० चा पाऊस कुणी विसरलेलं नाही. हे पाणी काळ्या मातीत मुरतं आणि लवकर बाहेर पडत नाही.

दुसरं कारण आपल्या घरातलंच आहे. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी जमिनीखाली हौद आहे. तो हौद, नहाणी, ड्रेनेजचं चेंबर, भिंतीला टेकवलेल्या कुंड्या. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ओलीचं पाणी आभाळातून आलेलंच नव्हतं, ते घरमालकानेच साठवलेलं किंवा सांडलेलं होतं.

२. पाणी खालून वर चढतं म्हणजे नेमकं काय होतं? आणि किती वर चढतं?

समईची वात तेल ओढते ना, तसंच. वीट, गिलावा, माती, दगडांमधला दर्जा (म्हणजे सांध्यांत भरलेला मसाला), या सगळ्यांत केसाहून बारीक छिद्रं असतात आणि पाणी त्यांतून वर सरकतं. वर सरकताना भिंतीच्या पृष्ठभागातून त्याची वाफही होत असते. जेवढं वर चढतं तेवढंच उडून जातं, तिथे रेघ थांबते. ती साधारण तीन फुटांच्या आत असते. भिंतीचा पृष्ठभाग बंद केला, म्हणजे टाईल किंवा ऑइलपेंट लावला, की वाफ व्हायला जागा राहत नाही आणि रेघ आणखी वर जाते.

ओल सहा फुटांवर असेल, छताकडून खाली उतरत असेल किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून निघत असेल, तर ती जमिनीतली नाही. तिथे गच्ची, सज्जा आणि पाइप बघायचे.

३. आमच्या शहाबादी फरशीला पावसाळ्यात घाम येतो. हे पाणी जमिनीतून येतं की हवेतून?

एक सोपी परीक्षा घरीच करा. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिकचा कागद फरशीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या खालच्या अंगाला थेंब धरले, फरशी काळपट झाली, तर पाणी जमिनीतून येतंय. खाली कोरडं आणि कागदाच्या वर दमट असेल, तर ते हवेतलं आहे. आतल्या अंधाऱ्या खोलीची फरशी थंड असते आणि पावसाळी हवा तिच्यावर घाम सोडते. परीक्षा दोन ठिकाणी घ्या, एक भिंतीजवळ आणि एक खोलीच्या मध्यभागी. फक्त भिंतीजवळ ओल आली तर बाहेरून पाणी शिरतंय. मध्यभागीही आली तर फरशीखालचा भराव ओला आहे.

शहाबादी हा चुनखडी दगड आहे. तो स्वतः फार पाणी ओढत नाही, पण सांध्यांतून ओल सहज वर येते. म्हणून आधी सांध्यांची कड काळी पडलेली दिसते.

४. भिंतीवर पांढरी पावडर येते. झाडली की पुन्हा येते. ही बुरशी आहे का?

बहुतेक वेळा नाही. हा लोणा. जमिनीतले, विटेतले, सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळून वर येतात; पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. चिमटीभर पावडर पाण्यात टाका. विरघळली तर लोणा. बुरशी विरघळत नाही, तिला कुबट वास येतो आणि ती बहुधा काळी-हिरवी असते.

लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली वर्तमानपत्र अंथरून गोळा करायचा आणि घराबाहेर टाकायचा. ओल्या फडक्याने पुसू नका. पुसलं की तो पुन्हा विरघळून भिंतीत जातो आणि आठवडाभरात परत बाहेर येतो. गिलावा फुगतो, भुसभुशीत होतो, त्यालाही हेच क्षार कारण आहेत: छिद्रांच्या आत त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा आतून फोडतात.

५. ओल मे महिन्यातच जास्त दिसते. पाऊस नाही, काही नाही. असं का?

मे महिन्यातली ओल म्हणजे घरातल्या पाण्याची ओल, हे जवळपास धरूनच चाला. पहिला संशय कूलरवर. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या कूलरची टाकी भरताना सांडते, गवत चोंदलं की पाणी बाहेर उडतं, आणि चार महिने ते त्याच एका जागी भिंतीवरून खाली ओघळत राहतं. कूलरखाली पत्र्याचा ट्रे ठेवा आणि त्याचं पाणी नळीने भिंतीपासून चार फूट लांब न्या.

दुसरा संशय हौदावर. नळ येऊन गेल्यावर हौद भरलेला असतो. मोटर बंद ठेवा, पाण्याच्या पातळीला आतून पेन्सिलने रेघ मारा, झाकण लावा आणि २४ तास पाण्याला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन बघा. झाकलेल्या हौदातून बाष्पाने नगण्य पाणी जातं. रेघेखाली बोटभर जरी पातळी गेली, तरी हौद गळतोय. विडी घरकुलकडच्या एका घरात पातळी दिवसाला दीड इंच उतरत होती आणि त्या लोकांनी तोवर स्वयंपाकघराची भिंत दोनदा रंगवून घेतली होती.

गळती मोठी असेल तर एक अंदाज बांधता येतो. हौद आपोआप रिकामा होऊ द्या. पातळी ज्या उंचीवर येऊन थांबते, तडा बहुधा तिथेच असतो. दुरुस्ती हौदाच्या आतूनच करायची: कोपऱ्यांना वाटा (सिमेंटच्या गोलसर कडा) काढून, पिण्याच्या पाण्याला चालणारा वॉटरप्रूफ लेप दोन हात. बाहेरून घराच्या भिंतीला लेप देऊन हौद गळायचा थांबत नाही.

तिसरा संशय नहाणीवर. नहाणी ट्रॅपच्या भोवतालचं सिमेंट सुटलेलं असतं आणि रोजचं अंघोळीचं पाणी थोडं थोडं जोत्याच्या भरावात उतरतं. ट्रॅपच्या तोंडात बोळा घालून दोन इंच पाणी साठवा आणि चार तासांनी पातळी बघा.

६. आमच्या भागात काळी माती आहे. मिस्त्री म्हणतात काळ्या मातीत ओल राहणारच. खरंय?

राहणारच असं नाही, पण काळजी जास्त घ्यावी लागते. काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. मे महिन्यात जोत्याच्या कडेला पडलेल्या एका भेगेत मी फूटपट्टी उभी घातली होती. ती अख्खी आत गेली, तळ लागलाच नाही. जूनचा पहिला पाऊस अशा भेगेतून थेट पायाशी उतरतो. नंतर माती फुगून भेग मिटते आणि पाणी आत कोंडलं जातं. घराच्या एका बाजूची माती ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली, तर भिंतींना तिरक्या चिराही जातात.

यावर सगळ्यात मोलाचा उपाय घराबाहेर आहे: जोत्याभोवती काँक्रीटचा पट्टा. रुंदी किमान अडीच-तीन फूट, उतार बाहेरच्या बाजूला, मीटरमागे दोन ते अडीच सेंटिमीटर. पट्ट्याखालची फूटभर काळी माती काढून तिथे मुरूम भरून धुमसा. पट्टा आणि भिंत यांच्यामधला सांधा सिमेंटने भरू नका. माती हलते, तो सांधा वर्षभरात फुटतोच. तिथे डांबर किंवा लवचीक सीलंट भरा आणि दर मे महिन्यात वाकून एकदा बघा.

एक चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहते. ओल दिसली म्हणून जोत्याला लागून चर खणतात आणि त्यात खडी भरतात. चराला बाहेर जायला वाटच नसते. काळ्या मातीत असा चर म्हणजे पायाशेजारी बांधलेला हौद होतो.

७. दर वेळी रस्ता उंच होत गेला. आता आमचं जोतं रस्त्याच्या खाली गेलंय. काय करता येईल?

हे दुखणं जुन्या पेठांमधल्या घरांचं आहे आणि घरमालकाचा यात काही दोष नाही. जोत्यावर ओल अडवणारा थर असतो, त्याला आपण डीपीसी म्हणतो. बाहेरची माती किंवा रस्ता त्या थराच्या वर गेला की पाणी थराला वळसा घालून वरच्या भिंतीत शिरतं. मग थर असून नसून सारखाच.

शक्य असेल तर दारापुढची आपल्या हद्दीतली पट्टी खोदून पुन्हा खाली न्या आणि तिथे जाळीची गटार करून तिला वाहती वाट द्या. जागाच नसेल तर रस्त्याला टेकलेला भिंतीचा भाग बाहेरून उघडा करून त्यावर उभा वॉटरप्रूफ लेप, वर संरक्षक गिलावा, आणि हे रस्त्याच्या किमान सहा इंच वरपर्यंत. घरातली फरशी उचलून उंच करणं हा शेवटचा उपाय. त्याने पाणी आत यायचं थांबतं, पण भिंतीतली ओल तेवढीच आणखी वर सरकते.

८. ओल्या भिंतीला चार फूट टाईल लावून टाकू का? किंवा वॉटरप्रूफ रंग?

नको. माझ्या माहेरी स्वयंपाकघरात आम्ही हेच केलं होतं. पहिली दोन वर्षं भिंत देखणी दिसली. तिसऱ्या पावसाळ्यात टाईलच्या वरच्या कडेपासून वीतभर उंचीवर पोपडे सुटले, आणि टाईलवर टिचकी मारली की आतून पोकळ आवाज यायचा. टाईल काढल्या तेव्हा मागचा गिलावा हाताने खरवडता येत होता. कारण प्रश्न २ मध्ये आहे. आतून लावलेला वॉटरप्रूफ रंगही असाच काही महिन्यांत फुगा धरतो. पाण्याचा उगम बंद होऊन भिंत वाळल्यावर काय लावायचं, हा वेगळा विषय. तोवर भिंत उघडी असलेलीच बरी, दिसायला कशीही दिसो.

९. भिंतीत भोकं पाडून औषध भरतात म्हणे. त्याने ओल कायमची जाते का?

योग्य भिंतीत उपयोग होतो. बाहेरच्या जमिनीपासून साधारण सहा इंच उंचीवर, विटांच्या मधल्या सिमेंटच्या ओळीत, दर चार-साडेचार इंचांवर १२ मिलिमीटरची भोकं पाडतात आणि त्यांत सिलेन-सिलॉक्सेनचं क्रीम भरतात. ते पसरून छिद्रांना पाणी न ओढणारं अस्तर देतं. म्हणजे ज्या घरात डीपीसी टाकायचीच राहून गेली, तिथे ती मागाहून घालण्याचा हा प्रकार आहे.

पण हौद गळत असताना हे काम करून घेऊ नका. दाबाने येणाऱ्या पाण्याला ते अडवत नाही. आणि दगडामातीच्या दीड-दोन फूट जाड भिंतीत, जिच्या पोटात डबर आणि माती भरलेली असते, तिथे औषध कुठे गेलं आणि कुठे नाही ते कुणालाच कळत नाही. अशा भिंतीसाठी पुढचा प्रश्न वाचा.

१०. आमचं माळवदाचं जुनं घर आहे. भिंती दगड आणि पांढरीच्या मातीच्या. खालून सिमेंटचा गिलावा केला होता तो फुगला. आता काय?

सिमेंटचा गिलावा काढून टाका. अशी भिंत ओल घेते आणि सोडते; तिला श्वास घेऊ देणारंच अस्तर लागतं. खालचा भाग उघडा करून किमान एक अख्खा उन्हाळा तसाच ठेवा. आपला एप्रिल-मे एरवी जीव नकोसा करतो, पण भिंत वाळवायला त्याच्यासारखा मदतनीस नाही. मग भुसभुशीत दर्जा खरवडून नव्याने भरा आणि चुन्याचा गिलावा करा, एक भाग विरवलेला चुना आणि तीन भाग स्वच्छ वाळू. चुनकळी विरवताना पाणी उकळतं, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालाच.

हा गिलावा पुढच्या काही वर्षांत भिंतीतले क्षार स्वतःत ओढून घेईल आणि खराब होईल. तो त्यासाठीच आहे. खालचा दोन फुटांचा पट्टा काही वर्षांनी बदलणं हा या घरांच्या देखभालीचाच भाग समजा, जसं माळवदावर माती टाकणं होतं. रंग चुन्याचाच द्या.

११. आजोबांच्या हातमागाचा खड्डा घरात होता. वडिलांनी वर फरशा टाकून झाकला. आता बरोबर त्याच जागी ओल आणि वास येतो.

पूर्व भागातून हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की त्याचं उत्तर सविस्तर देते. खड्डामागावर विणकर पाय खाली सोडून बसायचा, तो खड्डा अडीच-तीन फूट खोल. माग गेला, जागा हवी म्हणून वर फरशा ठेवल्या, आणि फरशीखाली एक बंद पोकळी राहिली. तिच्या मातीच्या तळातून सतत वाफ निघते, बाहेर जायला वाट नाही, म्हणून ती फरशीच्या खालच्या अंगाला धरते.

खात्री करायची तर फरशीवर नाण्याने ठोका. पोकळ जागा लगेच बोलते. फरशा उचलल्यावर आत काय निघेल ते आधी पूर्ण बाहेर काढा. एका घरात पाय-पावड्यांची लाकडं तशीच होती, वाळवीने पोखरलेली, आणि त्यांना गुंडाळलेलं सूत काळं पडून चिकट झालेलं. यातलं काहीही खाली ठेवून भराव करू नका. खड्डा आठ-दहा दिवस उघडा वाळू द्या. मग मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, हलकं पाणी शिंपडून, प्रत्येक थर धुमसून भरा. काळी माती नको आणि पाडकामाचा राडारोडाही नको, त्यात जुने क्षार असतात. वर दगडी सोलिंग (हाताने रचलेल्या दगडांचा थर), त्यावर बारीक कच टाकून पृष्ठभाग सपाट, मग २५० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, कडा भिंतीवर चार बोटं वळवून, जोड असेल तिथे वीतभर एकावर एक घेऊन. त्यावर चार इंच काँक्रीट आणि शेवटी फरशी.

खड्डा न बुजवताही काम होतं. एका कुटुंबाला आजोबांची बसायची जागा तशीच ठेवायची होती. तिथे आम्ही आतून चुन्याचा गिलावा केला आणि वर फरशीऐवजी सागवानी पट्ट्यांचं जाळीदार झाकण बसवलं, म्हणजे हवा खेळती राहते. नातवंडं त्यात पाय सोडून बसतात. ओल आहे, पण वास गेला.

१२. वाड्यात तळघर आहे. पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवल्या तर उलट जास्त ओल होते. का?

बाहेरची हवा पाण्याने जड असताना ती आत घेतली तर तळघराच्या थंड दगडावर तिचं पाणी होतं. हवा खेळती ठेवा हे खरं, पण कोरड्या हवेच्या दिवशी. आपल्याकडे नोव्हेंबरपासून मेपर्यंत झरोके खुशाल उघडे ठेवा. पावसाळ्यात आधी अंदाज घ्या: स्टीलची थाळी रात्रभर तळघराच्या फरशीवर ठेवा, सकाळी झरोका उघडा आणि थाळीकडे बघा. तिच्यावर धुकं धरलं तर झरोका बंद करा. भिंतीतून खरोखर पाणी पाझरत असेल तर मात्र हवेचा दोष नाही. प्रश्न ५ मधल्या परीक्षा करा.

१३. गावाकडच्या घरात जुनं पेव आहे. आत उतरून साफ करून सिमेंट करायचंय.

कृपा करून कुणीही थेट उतरू नका. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. बंद पेवात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, आणि त्याला वास नसतो. मेणबत्ती विझली नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. एक माणूस आत कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. कुणी कोसळलं तर उतरू नका, ११२ ला फोन करा. पेव वापरायचंच नसेल तर वरूनच मुरूम टाकून बुजवा. आत माणूस पाठवायची गरजच राहत नाही.

१४. नवीन घर बांधतोय. सुरुवातीलाच काय केलं म्हणजे ओल येणार नाही?

पाया किती खोल आणि कोणत्या प्रकारचा, हे माती बघून तुमच्या इंजिनिअरने ठरवायचं. ओलीपुरतं सांगते. जोत्याच्या आतली काळी माती पूर्ण काढा आणि भराव मुरमाचाच करा. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे जोतं भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर उंच हवं; रस्ता पुढे उंच होणार हे धरून मी दोन-अडीच फूट ठेवायला सांगते. भराव झाल्यावर वाळवीचं औषध, मग सोलिंग, प्लास्टिक कागद, काँक्रीट. जोत्यावर सगळ्या भिंतींखाली सलग डीपीसी: दीड इंच जाड, एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी असं काँक्रीट, त्यात वॉटरप्रूफिंगचं रसायन, वर गरम डांबराचा हात. दाराच्या जागीसुद्धा ती तुटता कामा नये.

कागद अंथरतात त्या दिवशी स्वतः साइटवर थांबा. कागद पसरला की लगेच माणसं घमेली घेऊन त्यावरून चालतात, खालची टोकदार खडी वर येते आणि पाच मिनिटांत दहा भोकं पडतात. ती नंतर कधीच सापडत नाहीत. आणि हौद घराच्या पायापासून जमेल तितका लांब घ्या. देवडीत किंवा जिन्याखाली घेतलेला हौद पुढच्या पिढीला त्रास देतो.

१५. बोअरचं पाणी खारट आहे. बांधकामाला आणि पाणी मारायला चालेल का?

तपासून घ्या. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं, लोखंड नसलेल्यासाठी २००० च्या आत. सामू (पीएच) ६ पेक्षा कमी नको. जास्त क्षारांच्या पाण्याने केलेल्या गिलाव्यात लोणा पहिल्या दिवसापासूनच भरलेला असतो, आणि मग जोतं कितीही चांगलं असलं तरी भिंत पांढरी होते.

१६. जोत्याखाली घुशींनी बिळं केलीत. त्याचा ओलीशी संबंध आहे का?

आहे. घुशीचं बीळ म्हणजे पावसाच्या पाण्याला तयार पाइप. आतला मुरूम वाहून जातो आणि फरशी खचते. बीळ नुसतं बुजवलं तर ती शेजारून दुसरं काढते, म्हणून काचेचे तुकडे मिसळलेलं काँक्रीट भरा आणि वर प्रश्न ६ मधला पट्टा करा. उघडं ड्रेनेज चेंबर असेल तर आधी त्याला झाकण, कारण घुशी बहुधा तिथूनच येतात.

वाळवीलाही ओल लागतेच. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर त्या नुसत्या झाडू नका. जिथून निघाल्या ती ओली जागा शोधा.

१७. ज्वारीची पोती आणि सुताचे गठ्ठे खालच्या खोलीत असतात. काय काळजी घ्यावी?

थेट फरशीवर कधीच नको. खाली लाकडी फळकुटं, जमिनीपासून किमान चार-सहा इंच वर, आणि भिंतीपासून हातभर अंतर, म्हणजे मागे झाडता येईल आणि हवा फिरेल. ज्वारी कडक उन्हात वाळवून, पूर्ण गार झाल्यावरच पोत्यात भरा. गरम दाणा भरला तर पोत्याच्या आतच घाम धरतो. सुताचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ओल्या खोलीत ठेवणं सर्वांत वाईट.

१८. ओल्या भिंतीतल्या बटणाला हात लावला की झिणझिण्या येतात.

हे वाचणं थांबवून आधी त्या सर्किटचा मेन बंद करा. भिंत ओली, हात ओला, यात जीव जाऊ शकतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. ओलीचं काम त्यानंतर.

१९. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी घरात चार फूट शिरलं होतं. गिलावा करून रंग दिला, पुन्हा पोपडे सुटले. आमचं काय चुकलं?

घाई झाली. पुराने भिंत खालपासून वरपर्यंत भिजते आणि ती आतून वाळायला वेळ लागतो. ढोबळ हिशेब असा की जाडीच्या दर इंचाला एक महिना. म्हणजे नऊ इंची भिंतीला आठ-नऊ महिने. वरून हात लावला तर ती दीड महिन्यात कोरडी वाटते, पण आतली ओल नव्या गिलाव्यातून बाहेर यायला बघते आणि रंग ढकलून देते. पुराचा गाळ फरशीच्या सांध्यांत आणि चौकटीमागे अडकलेला असतो, तोही काढावा लागतो.

आता सुटलेला भाग, पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत, काढून टाका आणि एक उन्हाळा उघडा ठेवा. रंगाची घाई असेल तर तात्पुरता चुना मारा.

२०. मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात राहते. तिच्या लाकडी घराखाली रांगत जावं लागेल अशी मोकळी जागा आहे आणि तिथे ओल आहे. तिने काय करावं?

तिकडे तिला क्रॉल स्पेस म्हणतात. आपलं जोतं भरीव, त्यांचं पोकळ. वर लाकडी तुळया आणि त्यांवर फळ्यांची जमीन. पूर्वी त्या पोकळीला झरोके ठेवण्याचा नियम होता. पण तिथला उन्हाळा दमट, त्यामुळे आत येणारी हवाच पाणी घेऊन येते, अगदी प्रश्न १२ मधल्या तळघरासारखं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की कुजण्याचा धोका सुरू होतो.

म्हणून आता तिकडे मातीवर किमान ०.१५ मिलिमीटर जाड प्लास्टिक पूर्ण अंथरून, जोड चिकटवून, कडा भिंतीवर चढवतात, झरोके बंद करतात आणि आर्द्रता ओढणारं यंत्र बसवतात. भिंतीवर चढवलेलं प्लास्टिक वर तीन इंच सोडून थांबवायचं, म्हणजे वाळवी वर चढली तर दिसते. त्याआधी छताचं पाणी पन्हळीने घरापासून लांब नेलंय ना आणि जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना, हे तिला बघायला सांगा. उगम आधी, हे तिथेही तसंच.

२१. भिंत सामाईक आहे. नहाणी शेजाऱ्यांची, ओल आमच्याकडे. ते म्हणतात आमच्याकडे काही गळत नाही.

त्यांना दिसत नाही, म्हणून ते खोटं बोलत नसतात. पाणी त्यांच्या फरशीखालून तुमच्याकडे येतं. भांडणाआधी दोघांनी मिळून परीक्षा करा: त्यांच्या नहाणीत खाण्याचा रंग घातलेलं पाणी चार तास साठवून ठेवा आणि तुमच्या भिंतीचा एक लहान भाग उघडा करून दोन-तीन दिवस बघा. रंग उतरला तर प्रश्नच मिटला. रंग नाही आला तरी ओल वाढली का हे बघा, कारण माती रंग धरून ठेवते. दुरुस्ती त्यांच्या बाजूनेच करावी लागेल. तुमच्या बाजूने कितीही खर्च केला तरी टिकणार नाही, म्हणून खर्च वाटून घेणं तुम्हालाच स्वस्त पडतं.

२२. हौद बघितला, नहाणी बघितली, पट्टा केला. सगळं घर सुकं आहे, पण एकाच कोपऱ्यात पावसाळी हवा आली की भिंत ओली दिसते. हिवाळ्यात आपोआप सुकते. हे काय?

त्या कोपऱ्यात पूर्वी जनावरं बांधायचे का, हे घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा उत्तर "हो" येतं. वर्षानुवर्षं गोमूत्र जमिनीत आणि भिंतीत मुरलेलं असतं, त्यातून नायट्रेटचे क्षार तयार होतात, आणि हे क्षार थेट हवेतलं पाणी ओढतात. बरणीतलं मीठ पावसाळ्यात ओलं होतं, तसंच. खालून एक थेंबही येत नसतो, म्हणून वरचे सगळे उपाय इथे वाया जातात.

इथे क्षार असलेला थर काढणं हाच इलाज. डागाच्या कडेपासून चारही बाजूंनी फूटभर जास्त गिलावा काढा, सांधे इंचभर खोल खरवडा, कोरड्या ब्रशने झाडा आणि निघालेला माल अंगणातल्या मातीत न टाकता बाहेर पाठवा. खालची फरशी उचलून तिथली वीतभर मातीही बदला. मग चुन्याचा गिलावा. पहिल्या पावसाळ्यात फिकट डाग परत दिसला तर घाबरू नका. तेवढाच गिलावा दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा बदला. अशा दोन कोपऱ्यांत दुसऱ्या खेपेनंतर मला डाग दिसलेला नाही. तिसऱ्या घरात अजून एक खेप बाकी आहे, ती येत्या मार्चमध्ये करणार आहोत.